घराचें छत किती उंच असावें?

घर बांधावयाचें ठरलें म्हणजे कुटुंबांत चर्चेला तोटा नसतो. फरशी कोणत्या रंगाची, स्वयंपाकघराचा ओटा कोणत्या दगडाचा, देवघर कोणत्या दिशेला, दिवाणखान्याला खिडक्या दोन कीं तीन, या प्रत्येक गोष्टीवर रात्रीं जेवणें झाल्यावर खल होतो. पण खोल्यांचीं छतें किती उंच असावीं हा प्रश्न निघालाच, तर कंत्राटदार "दहा फूट धरूं या" असें म्हणतो, घरधनी मान हालवितो आणि दोन क्षणांत तो विषय संपतो. वास्तविक पाहतां, मागाहून ज्या गोष्टी बदलतां येत नाहींत त्यांत छताच्या उंचीचा क्रमांक पहिला लागेल. फरशी उखडून दुसरी बसवितां येते, रंग पालटतां येतो, मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक करतां येते. स्लॅब एकदां पडला कीं त्याखालची उंची पुढें कमी करतां येते. वाढवितां मात्र येत नाहीं. म्हणून ज्या गोष्टीवर सर्वांत कमी विचार होतो तिच्यावर थोडा अधिक विचार होणें इष्ट आहे.

एका कुटुंबाचें चित्र कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. पुण्याच्या एका पेठेंतील जुना वाडा मोडकळीस आला आहे, आणि त्या जागीं तळमजला व वर एक मजला असें नवें घर उभें राहावयाचें आहे. घरांतल्या आजोबांचा आग्रह असा कीं छत बारा फुटांखालीं येतां कामा नये. लहानपणीं एका सरकारी बंगल्यांत त्यांनीं जो ऐसपैसपणा पाहिला तो त्यांच्या मनांत ठसला आहे. मुलाचें म्हणणें असें कीं साडेआठ फूट पुष्कळ झाले. खर्च वांचेल आणि हवा थंड करणाऱ्या यंत्रावर विजेचें बिलहि कमी येईल. आजी या वादांत पडत नाहींत. त्या एवढेंच विचारतात, "जिन्याला पायऱ्या किती होतील?" हा प्रश्न प्रथम कोणी मनावर घेत नाहीं, पण तिघांच्या बोलण्यांत सर्वांत मोलाचा तोच आहे, हें पुढें दिसून येईल.

आजोबा उंचीचा अभिमान बाळगतात, पण ज्या वाड्यांत ते वाढले त्याच्या माजघराचें छत मात्र उंच नव्हतें. महाराष्ट्रांतील जुनीं घरें पाहिलीं तर उंचीचा हव्यास त्यांत फारसा आढळत नाहीं. वाड्याच्या तळमजल्यावरील खोल्या ठेंगण्या असत. तुळयांवर कडीपाट घालून त्यावर मातीचा थर दिलेला असे. सोलापूर-मराठवाड्याकडील माळवदाच्या घरांत छतावर मातीचा जाड थर असे, भिंतीहि रुंद असत, आणि उजेड आंत यावा व धूर बाहेर जावा म्हणून छतालाच एक भोक, म्हणजे साणें, ठेवीत. असल्या ठेंगण्या खोल्या वैशाखांतहि दुपारीं गार राहत. त्याचें श्रेय उंचीला नसून मातीला व जाड भिंतींना होतें. कोंकणांतील घर याच्या अगदीं उलट. आढें उंच आणि वळचण खालीं. पण तेथेंहि आढ्याची उंची ऐटीसाठीं नव्हती. पावसाचें पाणी झरझर वाहून जावें म्हणून छपराला उतार हवा, आणि उतार हवा म्हणून मधला भाग उंच. १८६५ सालीं मंगळूर येथें बाझेल मिशननें कौलांचा कारखाना काढला व पुढें तीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा आपोआप निघून जाते, हा त्या छपराचा वरकड लाभ होय.

मग उंच छत म्हणजे निरोगी घर, ही समजूत आली कोठून? तिचें मूळ बव्हंशीं एकोणिसाव्या शतकांतील आरोग्यविचारांत सांपडतें. कोंदट हवा रोगाचें कारण आहे असें त्या वेळीं मानीत. म्यूनिक येथील शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनीं १८५८ सालीं असें सुचविलें कीं, खोलींतील हवा कितपत दूषित झाली हें तींतील कर्बद्विप्राणिद, म्हणजे हल्लींच्या बोलण्यांतला कार्बन डायऑक्साइड, वायूच्या प्रमाणावरून ओळखावें. हजार भागांत एक भागाहून तो अधिक नसावा. १८६३ सालीं हिंदुस्थानांतील फौजेच्या आरोग्याविषयींच्या राजनियुक्त मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि बराकींत दर माणसामागें किती घनफूट हवा असावी याचा खल जोरानें सुरू झाला. घनफूट वाढवावयाचे तर छत उंच करणें हा एक सरळ उपाय. साहेबाचे बंगले उंच होण्याला हें एक कारण झालें. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीनें ओढून हालविण्यासहि उंची लागे. परंतु त्या बंगल्यांना छताजवळ दोरीनें उघडझांप करण्याजोगे झरोके असत, सभोंवार रुंद व्हरांडे असत, आणि भोंवतीं मोकळें आवार असे. पुढें शहरांतील लोकांनीं उंची तेवढी उचलली. झरोके, व्हरांडे व आवार मागें राहिलें.

उंचीनें हवा खरोखर किती सुधारते याचा हिशेब शाळेंतल्या मुलालाहि करतां येईल. खोली दहा फूट रुंद व बारा फूट लांब घ्यावी आणि तिचें छत नऊ फुटांवर धरावें. तिच्यांत १,०८० घनफूट, म्हणजे सुमारें ३०,६०० लिटर हवा मावते. शांत पडून राहिलेला प्रौढ मनुष्य तासाला सुमारें १५ लिटर कर्बद्विप्राणिद वायु बाहेर टाकतो असें धरावें. दोन माणसांचे ३० लिटर झाले. बाहेरच्या स्वच्छ हवेंत तो वायु आज दहा लक्ष भागांत सुमारें ४२० भाग आहे. दारें-खिडक्या घट्ट लावून घेतल्या, तर पेटेनकोफरची मर्यादा गांठण्यास त्या खोलीला सुमारें ३५ मिनिटें पुरतात. आतां आजोबांच्या इच्छेप्रमाणें छत बारा फुटांवर न्यावें. हवा ४०,८०० लिटर झाली, आणि तीच मर्यादा गांठण्यास सुमारें ४७ मिनिटें लागलीं. तीन फूट उंचीचा सगळा खर्च करून मिळालीं तीं केवळ बारा मिनिटें! रात्र तर सात-आठ तासांची असते. यावरून उघड होतें कीं, सांठविलेल्या हवेवर कोणाचेंहि भागत नाहीं. हवा येती-जाती राहिली पाहिजे. समोरासमोर दोन खिडक्या, किंवा एक खिडकी व तिच्या समोरच्या भिंतींत छताजवळ एक झरोका, यांनीं जें काम होतें तें तीन फुटांच्या पोकळीनें होत नाहीं. झरोका नसलेलें उंच छत हें तापलेल्या हवेचें कोठार होऊन बसतें. उष्ण हवा वर जाते हें खरें. पण वर गेलेल्या हवेला बाहेर पडण्यास वाट नसेल, तर ती तेथेंच साचून राहते, आणि पंखा सुरू होतांच पुन्हा खालीं येते.

आतां उन्हाचा विचार करावा. येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे, तो हा कीं सगळीं छतें सारखीं नसतात. ज्या छतावर दुसऱ्या कुटुंबाची फरशी आहे तें छत तापत नाहीं. ज्या छतावर थेट आकाश आहे तें मात्र एप्रिल-मेमध्यें दिवसभर तापतें, आणि ती उष्णता चार-पांच इंच जाडीच्या स्लॅबमधून झिरपत झिरपत सायंकाळीं व रात्रीं खालच्या खोलींत उतरते, म्हणजे नेमकी माणसें अंथरुणाला पाठ टेकतात त्या वेळीं. नागपूर, अकोला, जळगांव इकडील मंडळींना हा अनुभव सांगावयास नको. असें तापलेलें छत डोक्यापासून जितकें जवळ तितकी त्याची धग अधिक लागते. म्हणून वरच्या मजल्याला एखादा फूट अधिक उंची देणें शहाणपणाचें आहे. पण त्या एका फुटानें धग थोडी कमी होते; नाहींशी होत नाहीं. खरा उपाय स्लॅबच्या वर करावयाचा असतो. गच्चीला विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी बसविली, किंवा निदान दर उन्हाळ्याच्या आरंभीं चुन्याचे दोन हात दिले, तर बरेंचसें ऊन स्लॅबमध्यें शिरण्यापूर्वींच परत फिरतें. आजोबांच्या वाडवडिलांनीं माळवदावर माती घातली तिचें मर्म हेंच होतें. आलेल्या उन्हापासून दूर पळण्यापेक्षां ऊन घरांत येऊंच न देणें हा अधिक स्वस्त व अधिक टिकाऊ मार्ग होय.

एवढें ऐकल्यावर मुलाला वाटेल कीं जिंकलों. उंचीनें हवा नाहीं, उंचीनें गारवा थोडाच, तर मग साडेआठ फूट कां नसावेत? परंतु उंचीला जशी वरची मर्यादा आहे तशी खालचीहि आहे, आणि ती आपल्या देशांत मुख्यतः पंख्यानें घालून दिली आहे. पंख्याचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून २.४ मीटरच्या, म्हणजे जवळ जवळ आठ फुटांच्या खालीं नसावा, हा विजेच्या कामांतील नियम आहे. उंच मनुष्य सदरा काढतांना हात वर करतो, बाप तान्ह्या मुलाला खांद्यावर घेतो, गृहिणी पलंगावर उभी राहून मच्छरदाणीची दोरी बांधते. या सगळ्या गोष्टी पंख्याखालींच होत असतात. शिवाय पंख्याच्या पात्यांवर निदान ३०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें एक फूट, मोकळी जागा असावी लागते, नाहीं तर पात्यांना खेंचण्यास पुरेशी हवाच मिळत नाहीं व पंखा नुसता गरगर फिरत राहतो. या दोहोंची बेरीज २.७ मीटर झाली. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनें राहण्याच्या खोल्यांना व स्वयंपाकघराला किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, सांगितली आहे; ती पंख्याच्या हिशेबाशीं कशी जुळते हें सहज दिसून येईल. तीच संहिता तुळईखालीं २.४ मीटर, स्नानगृहाला २.१ मीटर, आणि वातानुकूलित खोलींत खोट्या छतापर्यंत २.४ मीटर इतकी उंची पुरेशी मानते. मुलाचें साडेआठ फुटांचें गणित या शेवटच्या सवलतीवर उभें आहे. पण वीज गेली किंवा यंत्र बिघडलें, तर त्या खोलींत पंखा लावण्याइतकीहि जागा उरत नाहीं, हें त्यानें ध्यानांत घ्यावयास हवें.

फ्रान्समध्यें ल कॉर्बुझिए या विख्यात वास्तुकारानें १.८३ मीटर उंचीचा मनुष्य हात वर करून उभा राहिला असतां त्याचीं बोटें २.२६ मीटरपर्यंत पोंचतात, हें माप प्रमाण धरलें. मार्सेय येथें १९५२ सालीं पुरी झालेली त्याची प्रचंड वसाहत त्याच मापावर उभारलेली आहे. ज्या देशांत छताला पंखा टांगावा लागत नाहीं तेथें हें चालून जातें. येथें, जेथपर्यंत हात पोंचतो तेथें पंख्याचीं पातीं फिरत असतात. परदेशांतील चित्रें पाहून ठेंगणीं छतें पसंत करणाऱ्यांनीं एवढा फरक विसरूं नये.

आतां मापांतल्या एका फसगतीविषयीं. इमारतींत "मजला दहा फुटांचा" असें जें सांगतात तें बहुधा एका स्लॅबच्या माथ्यापासून दुसऱ्या स्लॅबच्या माथ्यापर्यंतचें माप असतें. त्यांतून स्लॅबची जाडी पांचेक इंच, फरशी व तिच्याखालचा थर मिळून दोन-तीन इंच, आणि छताचा गिलावा अर्धा इंच वजा केला म्हणजे राहणाऱ्याच्या वांट्याला सव्वानऊ फुटांच्या आसपास उंची येते. त्यांतच कोणी हौसेनें दिवे लपविण्यासाठीं जिप्समचें खोटें छत सहा-नऊ इंच खालीं सोडलें, तर नऊ फुटांची किमान मर्यादाहि मोडते आणि पंखा डोक्यावर येतो. म्हणून घर घेणाऱ्यानें वा बांधणाऱ्यानें नेहमीं एकच प्रश्न विचारावा: तयार फरशीपासून गिलावा केलेल्या छतापर्यंत मोकळी उंची किती? आणि तें माप नकाशावर लिहून घ्यावें. तुळया कोठून जातात हेंहि त्याच वेळीं पाहावें. पलंगावर निजलेल्या माणसाच्या थेट वर खोल तुळई आली तर छत जितकें आहे त्याहून खालीं वाटतें.

उंची पुरेशी आहे कीं नाहीं हें नुसत्या फुटपट्टीनें ठरत नाहीं. खोलीच्या रुंदीशीं तिचें नातें असतें. इटलींतील वास्तुकार पालादिओ यानें १५७० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सपाट छताच्या खोलीची उंची तिच्या रुंदीइतकी असावी असा नियम दिला, आणि वरच्या मजल्यावरील खोल्या खालच्यापेक्षां एक षष्ठांशानें ठेंगण्या असाव्यात असेंहि म्हटलें. दहा फूट रुंदीच्या शयनगृहाला हा नियम आजहि शोभून दिसतो. सोळा फुटी दिवाणखान्याला सोळा फूट उंची देणें मात्र सरदारांच्या हवेल्यांना परवडावें. वरचा मजला ठेंगणा ठेवण्याचा त्याचा नियम तर दख्खनच्या उन्हांत उलटा फिरवावा लागतो, हें वर सांगितलेंच आहे. तरी त्यांतला विवेक घेण्यासारखा आहे. उंची रुंदीच्या फार पुढें गेली कीं खोली विहिरीसारखी वाटूं लागते. पांच फूट रुंदीचें स्नानगृह दहा फूट उंच केलें म्हणजे याचा प्रत्यय येतो. उलट, वीस फूट लांबीच्या दालनाला नऊच फूट उंची दिली तर छत अंगावर आल्यासारखें होतें. मनावरहि उंचीचा कांहीं परिणाम होतो असें दिसतें. मायर्स-लेव्ही व झू या दोन संशोधिकांनीं २००७ सालीं आठ व दहा फूट उंचीच्या छतांखालीं लोकांना बसवून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. उंच छताखालीं मंडळींचा कल व्यापक व मोकळ्या विचाराकडे, तर ठेंगण्या छताखालीं बारीकसारीक तपशिलाकडे झुकला. गप्पांची बैठक प्रशस्त खोलींत रंगते आणि जमाखर्चाची वही कोपऱ्यांतल्या लहान खोलींत बरी लिहिली जाते, हा जुनाच अनुभव आहे.

उजेडाविषयींहि एक गैरसमज आढळतो. छत उंच केल्यानें उजेड वाढत नाहीं. खिडकीचा माथा उंच केल्यानें वाढतो. खिडकीच्या वरच्या चौकटीची जमिनीपासून जी उंची, तिच्या सुमारें दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत दिवसाचा कामापुरता उजेड आंत पोंचतो. सगळ्या खिडक्या सात फुटांच्या लिंटलखालीं बसवून वर पांच फूट कोरी भिंत सोडली, तर त्या पांच फुटांत कोळिष्टकांखेरीज कांहीं जमत नाहीं.

मग एकेका खोलीला काय द्यावें? शयनगृहाला साडेनऊ ते दहा फूट मोकळी उंची उत्तम. दिवाणखाना रुंद असेल तर दहा ते साडेदहा. स्वयंपाकघराला साडेनऊ फूट चालतात. मात्र तेथें चुलीची वाफ व फोडणीचा खाट बाहेर जाण्यासाठीं छताजवळ झरोका अथवा बाहेर हवा फेंकणारा पंखा असलाच पाहिजे, नाहीं तर उंची फुकट. स्नानगृहाला साडेसात फूट पुरतात, आणि त्यावर जी जागा उरते तिचा पोटमाळा होतो. पोटमाळ्याचा हिशेब गृहिणींना चांगला ठाऊक असतो. सात फुटांच्या लिंटलवर तीन इंचांची फळी धरली, तर नऊ फुटी छताखालीं माळ्याला पावणेदोन फूट मिळतात. त्यांत गाद्यांची वळकटीहि धड शिरत नाहीं. साडेनऊ फूट केले कीं सव्वादोन फूट होतात आणि दिवाळीचे डबे, पाहुण्यांचीं अंथरुणें, गणपतीचें मखर सगळें सामावतें. देवघराला उंची नको. समईची ज्योत छताला व लांकडी तक्तपोशीला झळ न लावील एवढी मोकळीक असली कीं झालें. एका मजल्याचा स्लॅब एकाच पातळींत असतो, म्हणून मजल्याची उंची मुख्य खोल्यांवरून ठरवावी आणि लहान खोल्यांची जास्तीची उंची माळ्यांनीं उपयोगांत आणावी.

आतां आजींच्या प्रश्नाकडे वळावें. मोकळी उंची साडेनऊ फूट धरली आणि स्लॅब-फरशीचे सहा इंच मिळविले म्हणजे चढ दहा फुटांचा झाला. सहा इंचांच्या पायरीनें वीस पायऱ्या. बारा फूट उंची धरली तर चढ साडेबारा फुटांचा, म्हणजे पंचवीस पायऱ्या. पांच पायऱ्यांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण गुडघे दुखणाऱ्या माणसानें दिवसांतून तीनदां वर जावयाचें म्हटलें, तर दररोज पंधरा पायऱ्या अधिक चढावयाच्या व तितक्याच उतरावयाच्या. वर्षाकाठीं हा आंकडा पांच हजार चारशेंच्या वर जातो, आणि उतरणें हें दुखऱ्या गुडघ्याला चढण्याहून जड असतें. कंत्राटदार यावर सोपी तोड सुचवितो, "पायरी साडेसात इंचांची करूं, पायऱ्या वीसच होतील." ही तोड नव्हे, म्हातारपणीं उंच पायरी हीच घसरून पडण्याची जागा असते, आणि त्या वयांत मोडलेलें खुब्याचें हाड पुष्कळदां माणसाला कायमचें अंथरुणाला खिळवितें. शिवाय पांच पायऱ्यांना दहा-दहा इंचांची जागा धरली तरी जिना एकंदर चार फुटांहून अधिक लांब होतो, आणि ती जागा कोठल्या तरी खोलीच्या अंगांतून काढावी लागते.

उंचीची किंमत आणखीहि ठिकाणीं मोजावी लागते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला चारी बाजूंनीं मिळून ४४ फूट भिंत असते. छत अडीच फूट वर गेलें कीं दर खोलीमागें ११० चौरस फूट भिंत वाढली. तिच्या विटा, गिलावा व दर कांहीं वर्षांनीं रंग, हें सगळें ओघानें आलें. दिव्याचा उजेड टेबलापर्यंत पोंचेतों मंद होतो. पंखा छताजवळ ठेवला तर वारा खालीं लागत नाहीं, म्हणून लांब दांडा घालून तो पुन्हा साडेआठ-नऊ फुटांवर आणावा लागतो; म्हणजे पैसे देऊन वर नेलेली उंची पुन्हा पैसे देऊन खालीं आणावयाची! कोळिष्टकें काढण्यास घरांतली शिडी पुरत नाहीं. आणि उघड्या भिंतींच्या उंच, रिकाम्या खोलींत शब्द घुमतो. ज्यांना आधींच कमी ऐकूं येतें अशा वडील माणसांना तेथें बोलणें स्पष्ट कळत नाहीं.

या सर्व गोष्टी पुढें मांडल्यावर त्या कुटुंबाचा वाद मिटण्यास अडचण पडूं नये. तळमजल्याच्या छतावर वरचा मजला येणार. तें तापणार नाहीं. तेथें साडेनऊ फूट मोकळी उंची ठेवावी. जिन्याला वीसच पायऱ्या होतील आणि आजींची खोली अर्थातच खालीं असावी. वरचा मजला उन्हाखालीं येणार. त्याला साडेदहा फूट द्यावे. तिकडे दिवाणखाना नेला तर आजोबांना हवा तो मोकळेपणा तेथें मिळेल, आणि वाढलेल्या फुटानें फार तर गच्चीवर जाणाऱ्या जिन्याच्या दोन पायऱ्या वाढतील. गच्चीवर पांढरी फरशी करावी, आणि प्रत्येक खोलींत खिडकीच्या समोर छताजवळ जाळीचा झरोका ठेवावा. मुलाला आपल्या खोलींत हवा थंड करणारें यंत्र बसवावयाचें असेल तर त्यानें तें खुशाल बसवावें. साडेदहा फुटांखालीं एक फूट खोटें छत सोडूनहि त्याला पंख्यापुरती जागा उरते. आज जो थंडाव्याचा हट्ट धरतो त्यालाहि तीस वर्षांनीं त्याच पायऱ्या चढावयाच्या आहेत.

सारांश, छताची उंची ही प्रतिष्ठेची बाब नव्हे आणि काटकसरीची पहिली जागाहि नव्हे. नऊ फुटांखालीं जाऊं नये. साडेदहाच्या वर जाण्यास खोलीच्या रुंदीचें सबळ कारण असावें. आणि या दोहोंमधला निर्णय करतांना छताच्या वर काय आहे, हवा कोठून बाहेर पडणार आहे व जिना कोण चढणार आहे, हे तीन प्रश्न घरांत सर्वांसमक्ष विचारावेत. शक्य असेल तर स्लॅबची तारीख ठरण्यापूर्वीं एका संध्याकाळीं घरांतल्या मंडळींनीं टेप घेऊन राहत्या घराच्या व एखाद-दोन आप्तांच्या घरांतील खोल्यांचीं छतें मोजावींत, आणि कोणत्या खोलींत बरें वाटलें तें आंकड्यासह लिहून ठेवावें. त्या मोजणीला घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर न्यावें, आणि जिन्याशीं आल्यावर त्याच्या पावलाच्या गतीनें चालावें.